चाळीस लाख फेऱ्या, तीन गुंजा लोखंड

पिस्टन ज्या सिलिंडरमध्ये वरखाली करतो, त्यातून तो कधीच बाहेर पडत नाही. त्याची सगळी ये-जा ९२.८ मिलिमीटरची, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तरी नव्या गाडीचे पहिले १५०० किलोमीटर पुरे होईतो त्या पिस्टनची पायपीट भरते ७४२ किलोमीटर. बुऱ्हाणपूरहून रेल्वेच्या रुळांवरून मुंबई गाठायची, तिथून उलट फिरायचं आणि नाशिक मागे टाकून मनमाड जवळ करायचं, एवढी. आणि असे पिस्टन चार.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक खरं इंजिन समोर ठेवू. २०१७ साली स्कोडानं ‘ऑक्टाव्हिया आरएस २३०’ ही गाडी भारतात आणली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ती जुळवली जायची. १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती. वेगाचं वेड असलेल्या मध्यमवर्गीयांनी ती हातोहात उचलली. सिलिंडरचा व्यास ८२.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९२.८. बुऱ्हाणपूरकराच्या दृष्टीनं पाहिलं तर ही गाडी जन्मली तो कारखाना दक्षिणेला, अजिंठ्याच्या वाटेवर. आणि अशा गाड्यांचा कस लागतो तो आशियातला सर्वांत लांब वेगवान ट्रॅक उत्तरेला, इंदूरच्या पलीकडे पिथमपूरला. मधल्या पट्ट्यात तापी, केळीच्या बागा, असीरगडाचा पायथा आणि केळीच्या ट्रकमागून सरकणारा इंदूर-इच्छापूर रस्ता.

नव्या गाडीच्या पुस्तिकेत स्कोडा सांगते की पहिले १००० किलोमीटर इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशापलीकडे नेऊ नका, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, मागे काही ओढू नका. पुढचे ५०० किलोमीटर हळूहळू वाढवत न्या. एकूण १५००. नव्या इंजिनाला असं सरावणं म्हणजेच रनिंग-इन. बुऱ्हाणपूर ते इंदूर साधारण १८० किलोमीटर, म्हणजे इंदूरला चार वेळा जाऊन-येऊन केलं की हे काम जवळजवळ उरकतं. वाटेत सनावद, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल आणि भेरूघाट धरून एका खेपेला चार तास लागतात असं म्हणू. सरासरी निघते ताशी ४५ किलोमीटर. म्हणजे १५०० किलोमीटरला ३३ तास २० मिनिटं, अर्थात बरोबर २००० मिनिटं. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला सरासरी २००० धरल्या, तर गुणाकार सोपा आहे: ४० लाख फेऱ्या.

बुऱ्हाणपूरला ४० लाख हा आकडा कळावा म्हणून लूमकडे वळावं लागेल. इथला साधा धोट्याचा पॉवरलूम मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो. रात्रंदिवस, जेवायलाही न थांबता तो चालवला, तर ४० लाख धोटे पडायला साडेअठरा दिवस लागतील. गाडीचं इंजिन तेवढं काम दीड दिवसाच्या आत उरकतं, तेही आरामात, कारण त्याला मिनिटाला २००० म्हणजे रेंगाळणंच.

या ४० लाख फेऱ्यांच्या पोटात आणखी काय काय दडलंय ते बघा. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे ८० लाख स्फोट. सोळा व्हॉल्व्ह प्रत्येकी २० लाख वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांची एकूण उघडझाप ३ कोटी २० लाखांवर जाते. आणि प्रत्येक पिस्टन ८० लाख वेळा पूर्ण थांबतो. एकदा वर, एकदा खाली, दर फेरीला दोनदा.

आपल्या गोष्टीत महत्त्वाचं आहे ते हे थांबणंच. पिस्टन धावत असतो तेव्हा त्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. पिस्टनच्या धावेमुळेच तो तेलाचा थर टिकतो. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबला की थर एका मायक्रॉनच्याही खाली जातो आणि लोखंडाला लोखंड लागतं. नेमक्या त्याच जागी, त्याच क्षणी वर स्फोट होत असतो. म्हणून झीज म्हणतात ती सिलिंडरभर सारखी होत नाही, वरच्या टोकाला जास्त होते. बोरिंगच्या दुकानात जुना ब्लॉक आला की मिस्त्री आधी नख फिरवतो ते त्या वरच्या कडेवर, ते याचसाठी.

आता याच इंजिनाला साडेसहा हजार फेऱ्यांवर न्या. पिस्टन सेकंदाला २१७ वेळा थांबू लागतो. दोन थांब्यांमधला वेळ ४.६ मिलिसेकंद. तेवढ्यात तो शून्यावरून ताशी ११५ किलोमीटरच्या पुढे जातो आणि परत शून्यावर येतो, आणि या सगळ्याला जागा मिळते तीच, ९२.८ मिलिमीटर. त्याला वरच्या टोकावरून खाली खेचताना जे त्वरण लागतं ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या २९०० पट भरतं. पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून वजन ४०० ग्रॅम धरलं, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर ओढ पडते ११६० किलोची. अख्खी मारुती स्विफ्ट यापेक्षा हलकी असते. आणि हा हिसका चारही रॉडना, फेरीगणिक एकदा, सेकंदाला १०८ वेळा.

हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुस्तिकेतल्या त्या ‘तीन चतुर्थांशा’मागचं गणित इथे आहे. साडेसहा हजारांऐवजी ४८७५ वर थांबलं की ओढ ११६० वरून ६५२ किलोवर येते. फेऱ्या पावानं कमी केल्या आणि हिसका जवळजवळ निम्मा झाला. निम्म्या फेऱ्यांवर थांबलात तर तो पाव उरतो, २९० किलो. नव्या बेअरिंगना, नव्या रॉडना आणि अजून एकमेकांशी जमवून न घेतलेल्या सगळ्या जोड्यांना ही सवलत मोठी आहे, आणि ती मिळवायला चालकाला पैसाही पडत नाही.

हे झालं हिसक्याचं. वरून येणारा दाब वेगळाच. टर्बो इंजिनावर पूर्ण भार टाकला की सिलिंडरमधला दाब सहज १०० बारच्या पुढे जातो. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साडेत्रेपन्न चौरस सेंटीमीटर. १०० बार धरले तरी एका ४०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर साडेपाच टनांचा जोर येतो. ज्वालेचं तापमान २००० अंशांवर, आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. तेल, पाणी आणि वेळ हे तिघे मिळून त्याला वाचवतात. स्फोट मिलिसेकंदांचा असतो, वितळायला तेवढा वेळ पुरत नाही.

गाडी सुरू करताच का ताणू नये, याचंही उत्तर अंकांत आहे. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. पिस्टनचं डोकं थंड असताना आणि चांगलं तापल्यावर यांत व्यासाचा फरक एक तृतीयांश मिलिमीटरहून जास्त पडतो. पिस्टन आणि भिंत यांच्यातली मोकळीक मात्र असते मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या चार-पाच भागांची, म्हणजे ०.०४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून पिस्टन थंड असताना सरळ नळकांड्यासारखा नसतोच. डोक्याकडे तो मुद्दाम बारीक घडवलेला असतो आणि तापल्यावर आकाराला येतो. जानेवारीतल्या सकाळी गाडी बाहेर काढून पहिल्याच मिनिटाला तिला पिळणारा माणूस अजून आकारात न आलेला पिस्टन पळवत असतो.

आता त्या भिंतीकडे वळू, कारण रनिंग-इन जे काही आहे ते बहुतांशी तिथेच घडतं. नवा सिलिंडर डोळ्यांना आरशासारखा वाटेल, पण तो तसा नसतो आणि नसावाच. कारखान्यात शेवटी त्यावर होनिंगचे दगड फिरवतात. ते तिरप्या रेघांची एक जाळी सोडून जातात. रेघांच्या खोबणीत तेल साठतं, आणि दोन रेघांच्या मधल्या उंचवट्यांवरून रिंग घसरते. हे उंचवटे सुरुवातीला टोकदार असतात. रिंगेच्या धारेवरही तसेच असतात. पहिल्या काही तासांत दोन्हीकडची टोकं एकमेकांना खातात, माथे सपाट होतात आणि खोबणी शाबूत राहतात. मिस्त्री म्हणतो, ‘रिंगा बसल्या.’ त्यानंतर वायू खाली गळत नाही आणि तेल वर येत नाही. आजच्या कारखान्यांत होनिंगच्या शेवटच्या टप्प्यात हे माथे बऱ्यापैकी कापूनच देतात, त्यामुळे मालकाच्या वाट्याला फार थोडं उरतं.

किती थोडं, त्याचा हिशेब करता येतो. रिंग ज्या भिंतीवरून फिरते तिचं क्षेत्रफळ एका सिलिंडरला २४० चौरस सेंटीमीटर. त्यावरून सरसकट अर्ध्या मायक्रॉनचा थर उतरला असं धरू. प्रत्यक्षात फक्त माथेच कापले जातात, म्हणजे हा अंदाज सढळ हाताचा आहे. तरी एका सिलिंडरमागे उतरलेलं बीड १२ घन मिलिमीटर, वजनानं ८७ मिलिग्रॅम. चारही सिलिंडर मिळून सुमारे ३५० मिलिग्रॅम. सराफाकडची एक गुंज १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे ४० लाख फेऱ्या, ८० लाख स्फोट, चार पिस्टनांची मिळून जवळजवळ तीन हजार किलोमीटरची धावाधाव, आणि हाती काय, तर तीन गुंजांना थोडं कमी पडेल एवढं लोखंड.

हा हिशेब कागदावरचाच नाही, याचा पडताळा तेलात मिळतो. इंजिनात ५.७ लिटर तेल असतं. साडेतीनशे मिलिग्रॅम लोखंड त्यात मिसळलं की दहा लाख भागांत सत्तर भाग होतात. नव्या इंजिनाचं पहिलं तेल प्रयोगशाळेत तपासलं, तर लोखंडाचा आकडा असाच काही दहांच्या घरात सापडतो. एरवीच्या तेलापेक्षा तो ठळक जास्त असतो. शिवाय हे तेल एका जागी बसलेलं नसतं. पंप मिनिटाला २० लिटर तेल फिरवतो असं धरलं, तर २००० मिनिटांत ४० हजार लिटर फिरतं. दहा हजार लिटरचे चार टँकर, आणि तेही त्याच ५.७ लिटरमधून, सात हजार वेळा. लोखंडाचे मोठे कण फिल्टर अडवतो, बारीक तसेच फिरत राहतात. पहिलं तेल वेळेआधी बदलावं की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझं मत बदलावं असं आहे. तेलाची किंमत गाडीच्या किमतीपुढे मोजण्याजोगीही नसते. पण इंजिन त्यावाचून मरेल असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

दुसरा वाद जुना आणि जास्त कडाक्याचा. एक पंथ म्हणतो, नवी गाडी चाळीस-पन्नासच्या वर न्यायचीच नाही. दुसरा म्हणतो, पहिल्याच दिवशी तिला पिळून काढा, नाहीतर ती आयुष्यभर मंद राहील. पहिल्या पंथाचं मूळ फियाट आणि ॲम्बेसेडरच्या काळात आहे. तेव्हा होनिंग खरखरीत असायचं, तेल साधं असायचं आणि रिबोर तर घरोघरी. सिलिंडर झिजला की ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन टाकायचा, परत झिजला की ०.५० मोठा, आणि प्रत्येक वेळी रनिंग-इन नव्यानं. तेव्हा सांभाळून चालवण्याला पर्याय नव्हता.

आजच्या टर्बो इंजिनाला मात्र अति माया बाधते, कारण रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः वायू. वरची रिंग जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच. तिच्या मागच्या खाचेत स्फोटाचा दाब शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. तिची पाठ सगळी मिळून तीन चौरस सेंटीमीटरची. १०० बारला परिघभर मिळून तीनशे किलोंचा रेटा बसतो, २० बारला साठेक किलोंचा. रिंगेची स्वतःची स्प्रिंग काही किलोंचीच. गाडी पन्नासच्या आत, हलक्या पायानं, सपाट रस्त्यावर तासन्‌तास सरकवली की माथे कापायला लागणारा दाबच मिळत नाही. उलट तेल भिंतीवर जळतं, त्याचा टणक लेप खोबणीत भरतो आणि भिंत गुळगुळीत होऊन बसते. मग रिंग कधीच नीट बसत नाही आणि इंजिन तेल खात राहतं.

दुसऱ्या पंथाची चूक वेगळी. दाब हवा हे खरं, पण दाब आणि फेऱ्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० फेऱ्यांवर चढ चढताना अर्धा ॲक्सिलरेटर दिला की सिलिंडरमध्ये दाब भरपूर येतो, पण रॉडवरचा हिसका साडेसहा हजारांच्या मानानं सातव्या हिश्शाइतकाच राहतो. रिंगांना हवं ते मिळालं आणि बेअरिंगही वाचले. पुस्तिका नेमकं हेच सांगते. फक्त ती कारण सांगत नाही, म्हणून लोक ती वाचत नाहीत. फेऱ्या आणि भार सतत बदलता ठेवा, असं बहुतेक कंपन्या म्हणतात. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर हे वेगळं ठरवून करावं लागत नाही. मागून हॉर्न, पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली, मग मोकळा पट्टा, मग घाट. भेरूघाटात सहाव्या गिअरमध्ये एका वेगानं जाऊन दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे. रनिंग-इनसाठी सर्वांत वाईट रस्ता म्हणजे सरळसोट द्रुतगती मार्ग आणि त्यावर लावलेला क्रूझ कंट्रोल.

कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हेही मौजेचं. बीएमडब्ल्यूचा एम विभाग २००० किलोमीटरपर्यंत ५५०० फेऱ्या आणि ताशी १७० ही मर्यादा घालतो, मग गाडी बोलावून तेल बदलतो. पोर्शे बरीच वर्षं ३००० किलोमीटर आणि ४००० फेऱ्या सांगत आली. शेव्हरोले कॉर्व्हेटची आठवी पिढी ५०० मैलांवर म्हणजे ८०० किलोमीटरवर समाधानी आहे, पण तोवर खालच्या गिअरांत इंजिनाचा जोरच कमी करून ठेवते. लोखंड तेच, भौतिकशास्त्र तेच, आकडे मात्र जवळजवळ चौपटीच्या अंतरानं वेगळे. मला यात विज्ञानाइतकाच वकिलीचा भाग दिसतो. शिवाय हे आकडे फक्त रिंगांसाठी नसतात. गिअर, डिफरन्शियल, ब्रेक, टायर सगळ्यांची सोय त्यात असते. स्कोडाच्याच पुस्तिकेत ब्रेक पॅडला २०० आणि टायरला ५०० किलोमीटर दिलेत. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीचा मालक पहिल्याच आठवड्यात नव्या, अजून निसरड्या टायरवर सगळी ताकद सोडणार नाही, हीही कंपनीला सोय वाटत असावी.

त्या २००० मिनिटांत इंजिनाच्या नाकातोंडातून काय गेलं, तेही मोजू. लिटरला १२ किलोमीटर धरले तर १२५ लिटर पेट्रोल. त्यात ऊर्जा ११०० युनिटांची. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचं अकरा महिन्यांचं वीजबिल. यातली चाकांपर्यंत पोचते ती पाव-तिसरा हिस्सा, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनानं ओढली जवळजवळ १४०० किलो हवा. गाडीचं स्वतःचं वजन साडेचौदाशे किलोंच्या आसपास. ती आपल्या वजनाएवढी हवा पिऊन बसली. घनफळानं साडेअकरा लाख लिटर. धुरांड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड २९० किलो.

इथून वरची पायरी चढली की आकडे वेडे होतात. बुगाटी शिरॉनचं सोळा सिलिंडरांचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ६० हजार लिटर हवा ओढतं. आपल्या गाडीनं इंदूरच्या चार खेपांत ओढलेली हवा तिला एकोणीस मिनिटं पुरेल. पेट्रोल मात्र तोवर टिकणार नाही, तिची १०० लिटरची टाकी कमाल वेगात नऊ मिनिटांत रिकामी होते.

एवढं लांबही जायला नको. मर्सिडीजची ‘एएमजी ए ३५ लिमुझिन’ २०२१ पासून पुण्याजवळ चाकणला जुळवली जाऊ लागली, दोन लिटरमधून ३०६ अश्वशक्ती. तिची मोठी बहीण ‘ए ४५ एस’ त्याच वर्षी आयात होऊन आली, आणि तिचं इंजिन तेवढ्याच १९९१ सीसीतून ४२१ अश्वशक्ती काढतं. जर्मनीत आफाल्टरबाखला एकच कारागीर ते पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत जोडतो आणि वर आपली सही ठोकतो. त्याच्या टर्बोची कमाल गती मिनिटाला १ लाख ६९ हजार फेऱ्या, सेकंदाला २८०० च्या वर. रनिंग-इनच्या काळात आरामात चालवून सरासरी ६० हजार धरली, तरी २००० मिनिटांत १२ कोटी फेऱ्या होतात. गंमत म्हणजे ज्याला सर्वांत जास्त फिरावं लागतं त्या भागाला रनिंग-इन जवळजवळ नाहीच. टर्बोचा दांडा तेलावर तरंगतो, भिंतीला लागत नाही. ज्या दिवशी लागेल तो त्याचा शेवटचा दिवस.

पिथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. लांबी ११.३ किलोमीटर, चार पदरी, परिसर हजार एकरांचा. वळणावर ताशी २५० नं गेलं तर स्टिअरिंगला हात लावायची गरज पडत नाही, आणि ३७५ पर्यंत वळण झेपतं. ताशी २५० नं एक फेरी १६३ सेकंदांत होते. रनिंग-इनचे १५०० किलोमीटर तिथे करायचे तर १३३ फेऱ्या माराव्या लागतील, म्हणजे सलग सहा तास. रिंगांचं कल्याण त्यात होणार नाही, हे आता सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच ट्रॅकवर पिनिनफारिना बतिस्ता धावली. मूळ इटालियन, पण मालकी मुंबईच्या महिंद्रांची. १९०० अश्वशक्ती, पाव मैल ८.५५ सेकंदांत, अर्धा मैल १३.३८ सेकंदांत, आणि वेग ताशी साडेतीनशेच्या वर. चार विजेच्या मोटारी. सिलिंडर नाही, रिंग नाही, होनिंग नाही. आपला सगळा हिशेब तिच्यापुढे रद्द. टायर आणि ब्रेक तेवढे तिलाही सांभाळावे लागतात.

पेट्रोलवाल्यांसाठी शेवटचा एक गुणाकार राहिला. आपली ऑक्टाव्हिया २ लाख किलोमीटर चालली, तर तिचं इंजिन ५३ कोटी ३३ लाख फेऱ्या मारेल. एकेक पिस्टन ९९ हजार किलोमीटर धावेल, पृथ्वीला जवळजवळ अडीच प्रदक्षिणा. चारही पिस्टनांची बेरीज ३ लाख ९६ हजार. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर आहे. आता झीज मोजा. पहिल्या १५०० किलोमीटरांत अर्धा मायक्रॉन गेला होता. त्याच गतीनं ती पुढे चालू राहिली असती, तर २ लाखांवर भिंत प्रत्येक बाजूनं ६७ मायक्रॉन खाल्ली गेली असती आणि व्यास ०.१३ मिलिमीटरनं वाढला असता. बहुतेक इंजिनांत ०.१ च्या आसपास बोर करायची वेळ येते, म्हणजे दीड लाखाच्या आसपासच गाडी धूर मारू लागली असती. चांगल्या ठेवलेल्या इंजिनांत तसं होत नाही. दोन लाखांनंतर उघडलेल्या ब्लॉकमध्ये होनिंगची तिरपी जाळी अजून डोळ्यांनी दिसते. याचा अर्थ झिजण्याची गती कुठेतरी एकदम खाली आलेली असते, आणि ती येते पहिल्याच खेपांत. माथे सपाट झाले की भार एका टोकावर न राहता पसरतो, तेलाचा थर तुटायचं प्रमाण घटतं आणि लोखंडाला लोखंड लागणं कमी होतं. त्या तीन गुंजा नीट उतरल्या, की पुढच्या ५२ कोटी ९३ लाख फेऱ्यांत उतरायला फारसं काही उरत नाही.